पलीकडच्याला कोण कळवणार?

प्रोग्राम मेला की त्याच्या मागचं निस्तरायचं काम ऑपरेटिंग सिस्टीमकडे येतं, आणि ती ते चोख करते. घेतलेली मेमरी परत जमा होते, उघड्या फाइली मिटतात, नेटवर्कवर कुणाशी जोडणी चालू असेल तर ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असलेला कर्नल पलीकडच्या यंत्राला ती संपल्याचा निरोपही धाडतो. प्रोग्राम शहाण्यासारखा बाहेर पडला, मध्येच कोसळला, की कुणी लिनक्सवर ‘किल मायनस नाईन’ म्हणून त्याचा गळा घोटला, या आवराआवरीत फरक पडत नाही. नऊ नंबरचा सिग्नल प्रोग्रामला अडवता येत नाही. निघताना चार ओळींचं आवरतं घ्यायचीही त्याला सवड मिळत नाही. तरी कर्नल आपल्या हद्दीतलं सगळं जागच्या जागी लावतो.

सीरियल पोर्टापाशी, म्हणजे तारेवरून एकामागून एक बिट पाठवणाऱ्या कम्प्युटरच्या जुन्या जोडणीपाशी, ती हद्द संपते. तारेचं एक टोक कर्नलच्या ताब्यात, दुसरं टेबलावरून खाली उतरून भलत्याच यंत्रात गेलेलं. त्या यंत्राला प्रोग्राम म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. त्याला तारेवरचं व्होल्टेज कळतं, बस्स.

माझा या भानगडीशी संबंध आला तो दुधामुळे. कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांतल्या दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर बसवून देणं आणि नंतर त्यांचे फोन घेणं हा माझा धंदा. पहाटे आणि संध्याकाळी माणसं डेअरीला दूध घालायला येतात. किटली काट्यावर ठेवली की वजन, नमुना मशीनला लावला की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), असं सगळं कम्प्युटरवर आपोआप यायला हवं. त्यावरून दर निघतो, पावती छापली जाते, पुढचा माणूस पुढे सरकतो. काटा, फॅट मशीन, पावतीचा प्रिंटर, बाहेर टांगलेला लाल आकड्यांचा डिस्प्ले, यांतलं बरंचसं आजही सीरियलवरच बोलतं. ब्लूटूथ, क्लाऊड वगैरे माहितीपत्रकात छान दिसतात. ओल्या फरशीवर, दुधाच्या चिकट हातांखाली वर्षानुवर्षं तग धरते ती साधी केबल.

फोन ठरलेला असतो. “साहेब, लाइट येऊन गेली आणि तेव्हापासनं काटा कम्प्युटरवर येईना झालाय.” मागे रांगेतला गलका ऐकू येतो. सचिवांचा राग काट्यावर असतो, कधी केबलवर, बहुतेक वेळा माझ्यावर.

या केबलचं मूळ मानक, आरएस-२३२, अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० साली काढलं. १९६९ची ‘सी’ आवृत्ती पुढे जगभर गेली. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एका टोकाला टेलिप्रिंटर आणि दुसऱ्या टोकाला मोडेम होता. आज आपल्याला ते मानक जुनाट वाटतं, पण त्यांनी एक गोष्ट फार विचार करून केली होती. पलीकडे कुणी जागं आहे का, हे कळायला त्यांनी वेगळ्या तारा ठेवल्या. डीटीआर म्हणजे अलीकडचं यंत्र तयार आहे. डीएसआर म्हणजे मोडेम तयार आहे. डीसीडी म्हणजे फोनलाइनवर दूरच्या मोडेमचा सूर ऐकू येतोय. प्रत्यक्ष मजकूर नेणाऱ्या तारा दोनच, एक जायची आणि एक यायची. बाकी कितीतरी तारा नुसत्या एकमेकांची खबर घेण्यासाठी.

लिनक्स ज्या वळणावर बेतलंय त्या जुन्या युनिक्सने त्या तारांचा नेमका उपयोग करून घेतला. पोर्ट उघडला की कर्नल डीटीआर वर नेतो. शेवटच्या प्रोग्रामने तो मिटला की खाली आणतो. त्यासाठी एचयूपीसीएल नावाची एक खूण असते आणि लिनक्सवर ती मुळातच लावलेली असते. प्रोग्राम कसाही मेला तरी त्याचा पोर्ट मिटणारा कर्नलच असल्यामुळे डीटीआर पडतो, मोडेम ते पाहतो आणि फोन ठेवून देतो. मेल्याची खबर व्होल्टेजने पोचते.

विंडोजच्या आधीच्या डॉसवर असा कुणी वाली नव्हता. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्यानंतरच्या काही वर्षांत ज्यांनी डॉसमधून मोडेम फिरवला त्यांना हे ठाऊक असेल. प्रोग्राम गोठला तरी डीटीआर वरच राहायचा, मोडेमच्या लेखी सगळं सुरळीत असायचं आणि लाइन धरलेली असायची. जिथून एसटीडीने नंबर लावावा लागे तिथे तर त्याचा हिशेब थेट बिलात दिसायचा. मोडेमची फोनची वायर उपटणं हा तेव्हाचा राजमान्य उपाय.

डॉसवरची दुसरी गंमत याहून भयंकर होती. सीरियलचा बाइट आला की प्रोसेसरला व्यत्यय (इंटरप्ट) जातो, म्हणजे हातचं सोडून इकडे बघ अशी हाक. पहिल्या पोर्टासाठी तो चार नंबरचा. तो आला की कुठल्या पत्त्यावर उडी मारायची याचा तक्ता मेमरीच्या अगदी सुरुवातीला असायचा आणि त्यात प्रोग्राम आपला पत्ता लिहून ठेवायचा. जाताना जुना पत्ता परत लिहून जाणं ही त्याची जबाबदारी. तो न लिहिताच मेला तर तक्ता तसाच राहायचा, पण पत्त्यावरची मेमरी डॉस दुसऱ्याला देऊन टाकायचा. मग तुम्ही निवांत पत्र टाइप करत बसलेले असताना तारेवरून एक निरुपद्रवी अंक यायचा, प्रोसेसर त्या जुन्या पत्त्यावर झेप घ्यायचा आणि मशीन दगड व्हायचं. पत्र लिहायच्या प्रोग्रामची यात काडीची चूक नसायची.

आता सगळीकडे शहाणे कर्नल आहेत, ते हे होऊ देत नाहीत. तरी माझा फोन वाजायचा थांबत नाही, कारण आम्ही खालच्या बाजूने एक कारभार करून ठेवलाय. डेअरीतल्या केबलीत ताराच तीन असतात: जायची, यायची आणि ग्राउंड. खबर घेणाऱ्या तारा कुणी ओढत नाही. तांब्याला पैसे पडतात. एखादं यंत्र डीएसआर असल्याशिवाय बोलायलाच तयार नसेल तर कनेक्टरच्या आत त्याचाच डीटीआर त्याच्याच डीएसआरला आणि डीसीडीला डाग देऊन जोडतात. म्हणजे पलीकडे कुणी आहे का, असं यंत्र विचारतं आणि स्वतःच्याच व्होल्टेजकडून ‘हो, आहे’ असं उत्तर घेऊन निश्चिंत होतं. मानक लिहिणाऱ्यांनी मरणाची सोय केली होती. ती आम्ही चार रुपयांच्या डागासाठी काढून टाकली.

त्यामुळे प्रोग्राम मेला तरी काट्याला काही फरक पडत नाही. बरेचसे काटे सेकंदाला अनेकदा वजन ओकत बसतात, कुणी ऐकतंय की नाही याची फिकीर न करता. हे वरवर सोयीचं वाटतं. नवा प्रोग्राम उघडला की वजन यायला लागतं, विचारायचीही गरज नाही. पण तो उघडतो तो क्षण ओळीच्या मधोमधचा असू शकतो. काटा ‘१२.४५०’ पाठवत असताना त्यातला पहिला एक निघून गेल्यावर कान उघडला, तर हाती येतं ‘२.४५०’. बरोबर आकडा, बरोबर टिंब, बरोबर शेवट. संशय घ्यायला जागा नाही. बाहेरचा डिस्प्ले काट्यालाच जोडलेला असल्याने त्यावर बारा किलो साडेचारशे दिसतं आणि पावतीवर अडीच किलोच्या आतबाहेर. मग रांगेत काय होतं ते मी लिहीत नाही. उपाय अगदी छोटा आहे. उघडल्यावर येणारी पहिली ओळ, ती कितीही शहाणी दिसली तरी, टाकून द्यायची. पुढच्या दोन-तीन ओळी जुळल्याशिवाय वजन मानायचं नाही.

प्रिंटरची तऱ्हा वेगळी. त्याला स्वतःची मेमरी असते आणि तो शेवटचा हुकूम पाळत राहतो. संस्थेचं नाव मोठ्या रुंद अक्षरांत छापायचा हुकूम गेला, ती अक्षरं लहान करायचा जायच्या आत प्रोग्राम कोसळला, की पुढच्या सगळ्या पावत्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकासारख्या निघतात. पावत्यांचे प्रिंटर ज्या हुकुमांवर चालतात त्यांत एस्केप आणि पाठोपाठ ‘ॲट’चं चिन्ह, अशा दोन बाइट्सचा एक हुकूम आहे: सगळं विसरून मूळपदावर ये. प्रत्येक पावतीच्या आधी हे दोन बाइट पाठवायला काहीच खर्च येत नाही. तरी कितीतरी प्रोग्राम पाठवत नाहीत, कारण ते लिहिणाऱ्याच्या टेबलावर प्रिंटर नेहमी नुकताच चालू केलेला असतो.

आणि काही यंत्रं गप्पच होतात. तारा कमी असल्या की थांबा-चला हे सांगायला मजकुराच्याच तारेवरून दोन खास बाइट पाठवतात, एक्सऑफ आणि एक्सऑन. कीबोर्डवर कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू. प्रोग्रामने ‘थांब’ म्हटलं आणि तो मेला, तर यंत्र थांबूनच राहतं. किती वेळ? कुणी ‘चल’ म्हणेपर्यंत. मध्ये रात्र गेली तरी चालेल. इकडे केबल बदलली जाते, पोर्ट बदलला जातो, कम्प्युटर बदलायची भाषा सुरू होते. हवा असतो एकच बाइट, दशमानात सतरा.

अर्धवट राहिलेल्या वाक्याचं काय करायचं, हा प्रश्न सगळ्यांत चांगला सोडवला तो मॉडबस या यंत्रांनी आपसांत बोलायच्या नियमसंचाने. मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली कारखान्यांतल्या यंत्रांसाठी तो काढला. त्याच्या आरटीयू प्रकारात साडेतीन अक्षरांच्या वेळेइतकी शांतता पडली की निरोप संपला असं धरतात. बोलणारा मधेच मेला तर शांतता आपोआप पडते, ऐकणारा अर्धा निरोप फेकून देतो आणि कोऱ्या मनाने पुढच्याची वाट पाहतो. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी बोलणारे मरतात हे आधीच धरलं होतं. फॅट मशीन बनवणाऱ्यांतल्या अनेकांना हे सुचलेलं नाही. त्यांच्या यंत्रात अर्धा राहिलेला हुकूम तसाच पडून राहतो आणि नव्या प्रोग्रामचा पहिला हुकूम त्याला चिकटून दोन्ही मिळून अगम्य काहीतरी होतं. म्हणून मी सुरुवातीला एक नुसताच ओळ संपल्याचा बाइट पाठवतो, त्यावर येईल ती तक्रार गिळतो आणि मग कामाचं बोलतो.

हे झालं तारेपलीकडचं. अलीकडेही कर्नल सगळंच पुसत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. लिनक्सवर पोर्टाचा वेग, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), बिट किती या मांडणीचा प्रोग्रामच्या जगण्यामरण्याशी संबंध नाही. ती पोर्टाला चिकटलेली असते. मागचा भाडेकरू रात्रीत परागंदा झाला तरी त्याने हलवलेलं सामान नव्या भाडेकरूला तसंच मिळतं. २४०० वेग आणि सात बिट लावून एखादा प्रोग्राम मेला, की पुढे येणारा प्रोग्राम स्वतः काही न लावता वाचायला बसला तर त्याला २४०० आणि सात बिटच मिळतात.

यातून खरा घोळ उलट्या बाजूने होतो. काट्यासाठी कुणीतरी चार ओळींची स्क्रिप्ट लिहितो. ती आधी चालत नाही, म्हणून तो मिनिकॉम हा पोर्टाशी हाताने बोलायचा तयार प्रोग्राम उघडून वेग वगैरे जुळवतो, वजन दिसतं, मिनिकॉम बंद करतो. आता स्क्रिप्टही चालते. तो खूष होऊन घरी जातो. वेग लावायची ओळ स्क्रिप्टमध्ये नाहीच. ती चालतेय मिनिकॉमच्या पुण्याईवर. महिना जातो, दोन जातात. मग एका पहाटे लाइट जाऊन येते, पोर्ट ९६०० आणि आठ बिट या मूळ मांडणीवर परततो आणि काट्याकडून कचरा यायला लागतो. दोष लाइटला दिला जातो.

कुलपाचीही एक जुनी रीत आहे. एका वेळी एकानेच पोर्ट वापरावा म्हणून युयूसीपीच्या, म्हणजे युनिक्स यंत्रांमध्ये फाइली पाठवायच्या जुन्या सोयीच्या, काळापासून ‘व्हार-लॉक’ या फोल्डरात एलसीके आणि दोन टिंबं अशी सुरुवात असलेली फाइल ठेवतात आणि तिच्यात आपला प्रोसेस नंबर लिहितात. प्रोग्राम मेला तरी फाइल राहते; कर्नलच्या दृष्टीने ती इतर फाइलींसारखी एक फाइल. नव्याने आलेल्याने त्या नंबराचा कुणी जिवंत आहे का ते पाहायचं आणि नसेल तर कुलूप मोडायचं, असा शिरस्ता. आता तो नंबर दरम्यान भलत्याच प्रोसेसला मिळालेला असेल तर? तर पंचाईत. म्हणून मला त्यापेक्षा कर्नलकडचं कुलूप आवडतं, टीआयओसीईएक्ससीएल नावाचं. तो पोर्ट शेवटचा मिटला की तेही सुटतं.

‘शेवटचा’ या शब्दावर मात्र लक्ष ठेवायचं. मुख्य प्रोग्रामने अहवाल छापायला एखादा छोटा प्रोग्राम सोडला असेल, तर बेसावधपणे उघडा पोर्टही त्याला वारशात जातो. मुख्य मेला, तरी धाकटा पोर्ट धरून बसलेला असतो. त्याला त्याचं काही करायचं नसतं, आपल्याकडे पोर्ट आहे याचाही त्याला पत्ता नसतो. पण कर्नलच्या मोजणीत एक माणूस अजून आत आहे, म्हणून कुलूप निघत नाही आणि डीटीआरही पडत नाही. फ्यूजर नावाची आज्ञा दिली की अशा दडून बसलेल्यांची नावं निघतात.

सीरियलची केबल यूएसबीत लावायच्या कन्व्हर्टरने यात आपली भर घातली. प्रोग्राम लटकलेला असताना कुणी वैतागून कन्व्हर्टर उपसून परत खोचला, तर जुनं नाव अजून त्या लटकलेल्याने अडवलेलं असतं. म्हणून टीटीवाय-यूएसबी-० होतं ते यंत्र टीटीवाय-यूएसबी-१ म्हणून उगवतं. नवा प्रोग्राम शून्याच्याच दाराशी उभा. नाव क्रमाने न धरता कन्व्हर्टरच्या ओळखीने धरायची सोय लिनक्समध्ये आहे, ‘सीरियल’ फोल्डरातल्या ‘बाय-आयडी’खाली. ती न वापरणाऱ्याला मी आता काही बोलत नाही.

विंडोजवर तर पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो, वाटून घ्यायची सोयच नाही. टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम संपवला की तो सुटायला हवा, आणि बहुधा सुटतो. पण कन्व्हर्टरच्या ड्रायव्हरकडे वाचनाची एखादी विनंती अडकलेली असेल आणि ड्रायव्हर ती रद्द करायला तयार नसेल, तर प्रोसेस धड मरतही नाही. नव्याला ‘ॲक्सेस इज डिनाइड’ मिळतं. त्यात माणसाचा हात. प्रोग्राम उघडायला दोन क्षण लागले की सचिव आयकॉनवर आणखी दोनदा टिचक्या मारतात, तीन प्रती उठतात, पहिली पोर्ट पटकावते आणि उरलेल्या दोन्ही आपली तक्रार तिच्यावर पसरून उभ्या राहतात. समोर दिसते ती तक्रार. मागे बरोबर चाललेलं वजन दिसत नाही.

हे सगळं पाहिल्यावर बाहेर पडताना नीट आवरायचा कोड लिहिण्यावरचा माझा विश्वास उडाला. तो कोड मी लिहितो, पण सौजन्य म्हणून. ज्या दिवशी त्याची खरी गरज असते त्या दिवशी तो चालतच नाही: लाइट जाते, कुणी नऊ नंबर मारतो, मेमरी संपते. आवरायचं ते आत येतानाच. मागचा नीट गेला असं कधी धरायचं नाही. वेग, बिट, पॅरिटी सगळं स्वतः लावायचं, आधीचं तेच असलं तरी. न वाचलेले बाइट साठतात तो बफर रिकामा करायचा, आणि यूएसबी असेल तर थोडं थांबून पुन्हा करायचा, कारण काही कन्व्हर्टर आलेले बाइट काही मिलिसेकंद स्वतःकडे धरून मग देतात. ‘चल’चा बाइट पाठवायचा. पहिली ओळ फेकायची. प्रिंटरला मूळपदावर आणायचं. अर्दुइनो हे छोटे प्रोग्राम करता येणारे बोर्ड बनवणाऱ्यांनी हेच काम तारेत करून टाकलंय: उनो बोर्डावर डीटीआर एका छोट्या कपॅसिटरमधून रीसेटच्या पिनेला जोडलाय, त्यामुळे पोर्ट उघडला की बोर्ड नव्याने सुरू होतो. लोक त्यावर चिडतात, कारण चालू मोजमाप पुसलं जातं. मला तो कपॅसिटर फार आवडतो.

सचिवांचा उपाय याहून सरळ असतो. पाटीवरचं मेन बटण बंद, दहा आकडे, चालू. थट्टा करण्यासारखं त्यात काही नाही. कर्नल, ड्रायव्हर, कन्व्हर्टर, प्रिंटर सगळे एकदम विसरतात आणि दहातल्या नऊ भानगडी मिटतात. काटा तेवढा विसरत नाही. लाइट जाते म्हणूनच काट्याच्या पोटात चार्ज होणारी बॅटरी दिलेली असते, आणि मेन बटणाशी तिचा संबंध नाही. मागच्या प्रोग्रामने रिकाम्या किटलीचं वजन वजा करायला सांगितलं असेल आणि तो मेला असेल, तर सगळी डेअरी नव्याने उठल्यावरही काटा ते वजा करतच असतो. रिकाम्या थाळीवर उणे सव्वा किलो दाखवतो. हे सुरुवातीलाच पुसून टाकायचा हुकूम पाठवणं सोपं आहे, पण तो पाठवायची माझी हिंमत नाही. त्या क्षणी थाळीवर कुणाची भरलेली किटली असेल तर तिचंच शून्य होईल. म्हणून उणे आकडा दिसला की माझा प्रोग्राम ‘काटा रिकामा करा आणि झीरो दाबा’ एवढं लिहून थांबतो, आणि रांग ओरडत असताना सचिव मला शिव्या घालत हाताने ते बटण दाबतात.